डाव्या हाताची गाठ

माझ्या वडिलांना गिरणीत सगळे मिस्त्री म्हणत आणि घरात आत्या खटपट्या म्हणे. दिसेल ती वस्तू उघडून बघायची त्यांना खोड. लहानपणी त्यांनी घरातलं एकुलतं एक घड्याळ उघडलं. परत जोडलं तेव्हा एक चाक उरलं, तरी घड्याळ आपलं चालतच राहिलं. "ते चाक कारागिरानं उगाच घातलं असेल, माझ्या भावानं काढलं," असं आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा बाबांना आत्यानंच वाढवलं. न्हाऊ घातलं, पाटी धरायला शिकवली, बुटाची नाडी बांधायला शिकवली. तिचं लग्न राहून गेलं ते गेलंच. आम्ही सगळे दोन खोल्यांत एकत्र राहायचो.

आत्या आणि माझी आई दोघी गिरणीच्या सांधणी खात्यात होत्या. मागावरचे उभे धागे संपत आले की नव्या धाग्यांचं एकेक टोक जुन्या टोकाला बांधावं लागतं. एका मागाला हजारो गाठी. हे काम जोडीनं चाले. मागाच्या अलीकडे एक बाई, पलीकडे दुसरी. एकीनं दोन टोकं वेगळी काढून पुढे धरायची, दुसरीनं बांधायची. आई धरायची, आत्या बांधायची. लांबलचक खोलीत अशा जोड्या समोरासमोर बसलेल्या; हात धाग्यांत गुंतलेले, तोंडं मोकळी. नवरे, सासवा, पोरांची दुखणी, सगळं त्या धाग्यांवरून इकडून तिकडे जाई. "नणंद-भावजयीचं तुमचं इतकं कसं जमतं हो?" असं कोणी विचारलं तर आई म्हणे, "आम्ही दिवसभर समोरासमोर असतो. भांडण तिथंच उरकतं, घरी न्यायला शिल्लकच राहत नाही."

पण आईची मान आखडू लागली. थंडीत आत्याची बोटं वळेनाशी झाली. बाबांना ते बघवेना. हे काम यंत्रानं का होऊ नये, हे त्यांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. भंगारातून दांडे, स्प्रिंगा, तारा आणून ते खटपट करू लागले. यंत्र टोकं पकडायचं, पण गाठ सुटायची. शेवटी एका रविवारी ते दोन धागे घेऊन आत्यापुढे बसले.

"ताई, जरा हळू बांध गं. बोटं बघू दे."

"कशाला रे?"

"तुला आराम देणारं काहीतरी करतोय."

"मला आराम देणारा अजून जन्माला यायचाय," असं म्हणून ती हसली, आणि बांधू लागली. तिला फार बरं वाटलं होतं. इतका मोठा मिस्त्री भाऊ आपल्यापुढे मांडी घालून बसलाय, आपली बोटं बघतोय. त्यानंतर सुट्टीच्या दुपारी ते दोघं तसेच बसत. ती एक गाठ बांधे, सोडवी, पुन्हा आणखी हळू बांधे. "आता दिसलं? की तुझ्या म्हाताऱ्या बहिणीनं याहून हळू बांधायचं?"

यंत्र तयार झालं. मालक आले, मुकादम आला. दोन जोड्यांना दिवसभर पुरणारं काम त्यानं जेवणाच्या सुट्टीआधी संपवलं. दुसऱ्या खात्याचा फिटर वाकून बघत म्हणाला, "मिस्त्री, हा गाठ घालणारा आकडा उलटा का फिरतो?"

"उलटा कुठं? गाठ अशीच बांधतात." बाबांनी स्वतःच्या बुटाची नाडी सोडून बांधून दाखवली.

फिटर हसायला लागला. "अहो, ही तर डावऱ्या माणसाची गाठ!"

आत्या डावरी होती. बाबा उजव्या हातानं जेवणारे, लिहिणारे. पण गाठ त्यांना तिनं शिकवलेली. जगात सगळेच तशी बांधतात, असं ते तोवर धरून चालले होते.

बाबांना वाटलं होतं, आता बायका आरामात बसतील, यंत्र चालवतील. मालकांना तसं विचारायचं मात्र त्यांना सुचलं नाही. यंत्रापाशी एकच बाई पुरे होती. मिस्त्रीची बायको म्हणून आईला ठेवलं. आत्यासकट बाकी सगळ्यांना महिनाअखेर घरी पाठवलं. जाताना एक जण आईला म्हणाली, "बसा आता मिस्त्रीणबाई, यंत्राशी गप्पा मारत." दुसरीनं नुसता आईच्या खांद्यावर हात ठेवला.

आत्यानं आरडाओरडा केला नाही. बाबांसमोर उभी राहून एवढंच म्हणाली, "यंत्राला गाठ देऊ का, असं तू विचारलं असतंस तरी मी दाखवलं असतं. पण विचारायचं होतंस." आणि पेटी घेऊन पलीकडच्या गल्लीत एक खोली करून राहिली. फाटकी पोती शिवून पोट भरू लागली. आईशी बोले, माझे लाड करी. बाबांशी बोलणं तिनं टाकलं.

पुढे वेगळीच अडचण झाली. यंत्राकडून मध्येच एखादा धागा सुटायचा. आई तो हातानं बांधायची, पण तिची गाठ उजवी. यंत्राच्या गाठींत ती निराळी पडून मागाच्या फणीत अडकायची. तेव्हा मुकादम स्वतः आत्याच्या दारात गेला. "बाई, चला परत. तुमच्यासारखी गाठ दुसऱ्या कुठल्या बाईला येत नाही."

"बाकीच्यांना बोलावताय?"

"त्यांचं काय काम आता?"

"मग मी एकटीनं येऊन तुमच्या यंत्राची उष्टी काढू? माझी गाठ हवी होती ना, ती आहे की तुमच्याकडे." आणि तिनं पोतं पुढे ओढलं.

कापड स्वस्त झालं, हे खरं. घरी बसलेल्या त्याच बायकांच्या मुलींना नवे फ्रॉक मिळाले, हेही खरं. लोक बाबांचं कौतुक करत, बाबा मान खाली घालून ऐकत. दर रविवारी ते आत्याच्या दाराशी जात. तिच्यासाठी काहीबाही बनवून नेत. पाठ टेकायचं स्टूल, सुई धरायचा चिमटा. ती पाण्याचा तांब्या पुढे ठेवी आणि शिवत राही. वस्तू भिंतीशी तशाच पडून राहत. "रोज देवाला सांगतो, एकदा तिला बोलायला लाव," असं बाबा आईला म्हणत. मीही तेच मागायचे. त्यांचे केस पिकले, तरी आत्या बोलली नाही.

मग बाबांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यात त्यांना मागून नाड्या बांधायचा सैल अंगरखा घातला होता. मानेजवळची नाडी सारखी सुटे. बाबा उरलेला डावा हात मागे नेऊन चाचपत, पण एका हातानं कुठली बांधली जाणार? आत्या आली तेव्हा त्यांचं तेच चाललं होतं. ती सरळ खाटेपाशी गेली.

"थांब," ती म्हणाली. "खटपट्या, थांब जरा. मी बांधते."

बाबांचा हात खाली आला. आत्यानं दोन्ही टोकं मानेवरून पुढे, छातीवर घेतली, त्यांना दिसतील अशी. "हळू बांधते. बघ." तिनं बांधली, सोडवली, पुन्हा बांधली. बाबांचे डोळे तिच्या बोटांवरून हलले नाहीत. त्यांना काही म्हणायचं होतं. ओठ हलले, पण शब्द आला नाही. "राहू दे," आत्या म्हणाली. "विचारलंस असं समजते मी."

पहाटे बाबा गेले. नर्सला ती गाठ सुटेना. ती कात्री आणायला वळली.

"कापू नका हो," आत्या म्हणाली. तिनं डाव्या हातानं गाठ सोडवली, नाडी नीट सरळ केली, आणि दोन्ही टोकं हातात घेऊन तशीच बसून राहिली. समोर बसलेल्या कोणी, आता मी बांधतो, तू धर, असं सांगितल्यासारखी.