बिलामागे एक वाल

नलिनीचा दिवस पावणेपाचला सुरू व्हायचा. उठल्याबरोबर मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकायचे, बाकी सगळं नंतर. घाटकोपरच्या खोलीतून निघताना भिजलेले वाल ती डब्यात भरून अंधेरीला नेई आणि संध्याकाळी सोललेलं बिरडं घेऊन परत येई. सोलायची ते कामावर. यात चोरी नव्हती. वेळ चोरायचं ते यंत्र.

हे १९८७ सालचं. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कचेरीत औषधांची बिलं कॉम्प्युटरवर चढवायचं काम चाले. टेबलांची रांग, प्रत्येक टेबलावर एक पडदा, त्याच्यापुढे एक बाई. जितकी बिलं, तितका पगार. बिल टाइप करून बटण दाबलं की यंत्र आधी त्याची नोंद आपल्या 'लॉग'मध्ये करी, म्हणजे मध्येच वीज गेली तरी बिल हरवू नये. पण लॉग एकच आणि बाया अनेक. प्रत्येकीचं बिल तिथे रांगेत उभं राही आणि तोवर पडदा गप्प. तेवढ्यात नलिनीचा एक वाल सोलून होई. बोटं मात्र ती दर वेळी रुमालाला पुसायची. हयगय नाही.

तिला घाई होती ती आईची. शेवंती गावाहून येऊन लेकीकडे राहिली होती. तोंडात एकही दात नाही आणि मे महिन्यात भाचीचं लग्न.

"दात नाय तर मी मांडवात येवचंय नाय," तिने जाहीर केलं होतं.

कवळी नलिनीच्या पगारातून यायची होती. यंत्राच्या चालीने ती गणपतीनंतर आली असती.

मार्चमध्ये रत्नप्रभा मॅडमनी प्रोग्राम बदलला. वयाने सगळ्यांत लहान, पण कॉम्प्युटर त्यांच्या ताब्यात.

"आतापर्यंत तुम्ही प्रत्येकजणी आपापला डबा घेऊन पिठाच्या गिरणीत जात होता," त्या म्हणाल्या. "आता मी प्रोग्राममध्येच पाठीमागे एक बाई ठेवलीय. ती सगळ्यांचे डबे गोळा करते आणि एका खेपेत पोचवते. लॉग लिहायचं काम तिचं."

"आणि ती वाटेत धडपडली तर?" नलिनीने विचारलं.

"डबे गिरणीत ठेवल्याशिवाय ती तुम्हाला 'झालं' म्हणणारच नाही."

"म्हणजे दिसत नाही, पण राबते?"

"अशी सून आमच्या चाळीत कुणाला मिळाली नाही अजून," मुकादम दत्ताराम म्हणाले.

बाकीच्यांची बिलं भराभर वाढली. नलिनीची होती तिथेच. न दिसणाऱ्या बाईवर तिचा विश्वास नव्हता आणि हाताला वालाची सवय होती. यंत्र आता सोलायला वेळच देईना. मग तिने क्रम बदलला. बिल टाइप करायचं, वाल सोलायचा, मग बटण.

"नलिनी, तुझ्यासाठी जुना प्रोग्राम परत लावायला सांगू का?" दत्तारामनी विचारलं.

"नको. त्यापेक्षा तुम्हीच बसा ना सोलायला!"

एका दुपारी वीज गेली. पंखे थांबले, पडदे काळे झाले. नलिनी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"लागली वाट! मी सांगत होते. पाठीमागची बाई डबे टाकून पळाली."

वीज आली. मॅडमनी प्रत्येकीला आपलं शेवटचं बिल तपासायला लावलं. सगळ्यांची जागच्या जागी होती. एकच नव्हतं, नलिनीचं.

"बटण दाबलं होतं?" मॅडमनी विचारलं.

नलिनीने खाली पाहिलं. चिमटीत अर्धा सोललेला वाल होता.

"पाठीमागची बाई बरोबर पोचली," दत्ताराम म्हणाले. "पुढचीच वाटेत बसली."

सगळ्या खोखो हसल्या. नलिनीही हसली, पण जरा उशिरा. तो वाल तिने डब्यात टाकला आणि झाकण लावलं.

दुसऱ्या दिवसापासून डबा घरी राहिला. बिलं अशी सुटली की पाणी प्यायला उठायचं तिच्या जिवावर येई. संध्याकाळी मान अवघडलेली असे. पैसा मिळाला तो त्या मानेचा.

घरी वाल शेवंतीपुढे आले.

"तुझा यंत्र हुशार झाला नि कामाक मी लागलंय!"

"दात हवेत ना? मग सोल गप."

शेवंतीने सोलले. नाइलाजाने, पण स्वच्छ.

एप्रिलचा पगार हातात पडला तशी नलिनी आईला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. लग्नाच्या पंगतीत शेवंती मधोमध बसली आणि गुळाचं कडक खाजं मागून घेतलं. कडकड आवाज शेजारच्या पानापर्यंत गेला.

"दात नवे वाटतं?" शेजारणीने विचारलं.

"लेकीन घेतल्यान. तिच्या पगारातले."

मग लेकीकडे वळून ती हळूच म्हणाली, "वाईच घट्ट आसत गो."

पण रात्री झोपेपर्यंत काही काढले नाहीत.