वजनाला दादा

आमच्या ऑर्केस्ट्रात चार कलाकार आहेत आणि त्यातला एक गेल्या बारा वर्षांत एकदाच आलाय.

उरलेले तिघे असे. मी दिलीप, कीबोर्ड. (आठवडाभर डहाणूला फुग्यांच्या कारखान्यात फुगे तपासतो. म्हणजे फुटेपर्यंत फुगवून बघतो. या कामाचा माझ्या स्वभावावर परिणाम झालाय असं बायको म्हणते.) ऑक्टोपॅडवर जिग्नेश, त्याचं मसोलीला फरसाणचं दुकान आहे. आणि गायक संदीप, रानशेतच्या शाळेत मास्तर आणि माझ्या बायकोचा सख्खा भाऊ. त्यामुळे तो कसाही गायला तरी मला छानच म्हणावं लागतं. शेवटी घरी जाऊन जेवायचं असतं!

चौथा माझा थोरला भाऊ, प्रकाशदादा. खरं तर पहिला तोच. ऑर्केस्ट्रा त्याने काढला, मला कीबोर्ड त्याने शिकवला. हळदी, साखरपुडे, सत्यनारायण... डहाणूपासून तलासरीपर्यंत कुठल्याही मांडवात जुनी हिंदी गाणी म्हणायची तर दादानेच. मग त्याला वापीच्या कंपनीत नोकरी लागली. आता वापी म्हणजे काही लंडन नाही. पण शिफ्ट आली, मुलांच्या शाळा आल्या, आणि गाणं जे सुटलं ते सुटलंच. कधीही बोलवा, उत्तर एकच.

"आता आवाज राहिला नाही रे."

दादाची पट्टी काळी दोन. चांगलीच उंच. संदीपची पांढरी एक, तीही पोट हलकं असेल तर. माझ्या कीबोर्डला एक खोड आहे, चालू केला की आधी दादाचीच पट्टी लागते. (खोड कीबोर्डची नाही, माझी. मीच तशी सेव्ह करून ठेवलीय.) मग तीनदा बटण दाबून मी ती संदीपपर्यंत खाली आणतो. दर कार्यक्रमाला हे बटण दाबताना मला दादाची फार आठवण येते. पण मेहुणा शेजारी उभा असताना हे बोलता येत नाही.

गेल्या हिवाळ्यात बोर्डीच्या मामांची एकसष्टी निघाली. त्यांच्या चिकूच्या वाडीत, उघड्यावर, संध्याकाळी. सगळं घराणं येणार म्हणजे दादाही येणार. मी ठरवून टाकलं, काही झालं तरी त्याला स्टेजवर चढवायचंच. फोन केला.

"दादा, एकच गाणं."

"मी जेवायला येतोय, दिल्या. गायला नाही."

वाडीत पोचलो तर स्टेज नाहीच.

"स्टेज भाड्याने कशाला आणायचं?" मामा म्हणाले. "घरची ट्रॉली आहे की!"

ट्रॅक्टरची दोन चाकांची ट्रॉली. मागचा फाळका उघडून प्रेक्षकांकडे केलेला, ट्रॅक्टरला जोडायचा दांडा आमच्या पाठीमागे. वर सतरंजी, कडेला झेंडूच्या माळा. आम्ही सामान चढवलं, साउंड चेक झाला. जिग्नेशने ऑक्टोपॅडवर दणका देऊन बघितला, ट्रॉली मजबूत होती. कारण तोपर्यंत तिला ट्रॅक्टर जोडलेला होता.

पहिल्या दोन गाण्यांनंतर ड्रायव्हर भरत आला. "मामा, खालच्या वाडीत दुसरी ट्रॉली भरून उभी आहे. चिकूचा ट्रक थांबलाय. ट्रॅक्टर नेतो."

"ने ने! यांना काय, बसूनच वाजवायचंय!"

भरतने दांड्याखाली विटा रचल्या आणि ट्रॅक्टर सोडवून घेऊन गेला. ट्रॉली दांड्याच्या बाजूला पडू नये याची पक्की व्यवस्था झाली. ती प्रेक्षकांच्या बाजूलाही पडू शकते, हा विचार तिथे जमलेल्या साठ-सत्तर माणसांपैकी एकालाही शिवला नाही. त्यात दोन इंजिनियर होते!

तिसऱ्या गाण्याला संदीपला रंग चढला. तो गात गात प्रेक्षकांच्या दिशेने दोन पावलं गेला आणि ट्रॉलीने लवून नमस्कार केला. लोकांना वाटलं, ही आमची स्टाइल आहे. टाळ्या पडल्या!

"दिलीपभाई! कंईक हलते हां!" जिग्नेश ओरडला.

"संदीप, मागे ये!"

संदीप मागे आला, ट्रॉली धाडकन विटांवर बसली, एक्स्टेंशनची पिन निसटली आणि सगळं बंद पडलं. मामा धावत आले. एका नजरेत त्यांनी रोग ओळखला.

"दांड्याकडे वजन पाहिजे! दगड आणा रे!"

बोर्डीत रेती मागाल तेवढी मिळेल, दगड कुठून आणायचे? चिकूचे क्रेट ठेवले असते, ते ट्रॅक्टरबरोबर गेलेले.

"मग जाड माणूस आणा!"

सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. वापीच्या कँटीनने दादाला मनापासून पोसलं होतं.

"मी स्टेजवर चढत नाही," दादा म्हणाला.

"गायला कोण सांगतंय तुला? नुसता बस!" मामा म्हणाले.

अकरा वर्षं मी ज्याला मायेने बोलावत होतो, तो शेवटी वजनाने आला! माझ्या मागे ट्रॉलीच्या कडेवर मांडी घालून बसला आणि ट्रॉली एकदम शहाण्यासारखी स्थिर झाली. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. मी कीबोर्डकडे बघत राहिलो. मागे वळलो असतो तर डोळ्यांतलं पाणी सगळ्या नातेवाइकांना दिसलं असतं.

या गडबडीत कीबोर्ड नव्याने चालू झाला आणि मी बटण दाबायला विसरलो. काळी दोन तशीच राहिली. बिचाऱ्या संदीपने गाणं धरलं. मुखडा कसाबसा निभावला, मान वर, शिरा फुगलेल्या. अंतरा आला आणि त्याच्या गळ्यातून जो आवाज निघाला, तो मी फक्त कारखान्यात ऐकलाय, फुग्याचं तोंड सुटल्यावर.

समोरून माझी बायको सुनंदा म्हणाली, "अहो, माझ्या भावाच्या जिवावर उठलात का?"

"पाणी पिऊन येतो," असं पुटपुटत संदीपने माइक ठेवला आणि खाली उडी मारली. मी तेच तेच म्युझिक फिरवत बसलो. थांबावं तर शोभा, वाजवावं तर गायक नाही. आणि तेवढ्यात पाठीमागून बारीक गुणगुण आली. जिग्नेशने एका हाताने ताल चालू ठेवला आणि दुसऱ्या हाताने माइक मागे सरकवला.

दादा गायला लागला.

प्रेक्षकांना गायक दिसेना. लोक माना उंचावून बघायला लागले, हे कोण गातंय? आवाज पूर्वीपेक्षा जाड झाला होता, मधे जरा खरखरत होता. पण तो दादाचाच होता. माझी बोटं आपोआप पूर्वीसारखी त्याच्या मागेमागे जायला लागली. तो जिथे थांबतो तिथे मी भरायचं, तो निघाला की मी गप्प. हे मला कुठल्याही वेळी उठवून विचारा, येईल. मामी पदराने डोळे पुसत होत्या. माझ्या मनात एवढंच होतं, की हे गाणं संपू नये.

ते संपलं नाहीच. कारण दादाची एक जुनी सवय मी विसरलो होतो. वरचा सूर लावताना तो उठून उभा राहायचा.

अंतऱ्याला दादा उठला, भान विसरून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, आणि ट्रॉलीने या वेळी नमस्कार नव्हे, साष्टांग दंडवत घातला! मी कीबोर्ड पोटाशी धरून घसरगुंडीवरून आल्यासारखा खाली आलो. माझ्यामागे जिग्नेश, जिग्नेशच्या मागे ऑक्टोपॅड. "अरे बाप रे, मारी नाखशे, मारून टाकणार ही!" जिग्नेश ओरडत होता. आम्ही थेट पहिल्या रांगेत, मामांच्या पायाशी. (मामांनी सवयीने आशीर्वाद दिला.) वर बघतो तर दादा कडेच्या फळीला लोंबकळलेला, दुसऱ्या हातात माइक, आणि वायर शाबूत असल्यामुळे सूर चालूच!

चौघांनी मिळून त्याला उतरवलं. कोणाला काही लागलं नव्हतं. दादा धापा टाकत माझ्याजवळ बसला आणि कीबोर्डच्या पट्टीचा आकडा बघून म्हणाला, "काळी दोन? अजून?"

"राहिलीय तशीच," मी म्हणालो.

त्याने माझ्या केसांतला झेंडू काढून टाकला फक्त.

दुसऱ्या दिवशी तो वापीला गेला. जाताना "येईन रे परत" म्हणाला. त्याला आता वर्ष होईल.

परवा तलासरीहून साखरपुड्यासाठी विचारणा आली. "स्टेज केवढं लागेल?" मी म्हणालो, "स्टेज नको. दोन चाकांची ट्रॉली बघा. ट्रॅक्टर मात्र आठवणीने सोडून न्या!" आणि लगेच दादाला फोन लावला.

"गायला नाही बोलावत. वजनाला ये."

पलीकडून दादा म्हणाला, "डॉक्टरने डाएट सांगितलंय रे. सात किलो उतरलो."

असा माणूस हातचा कसा जाऊ द्यायचा? तेव्हापासून मी दादाला पाठवायला म्हणून रोज जिग्नेशच्या दुकानातून गाठिया आणतो. पाठवण्याआधी ताजा आहे का ते बघायला लागतं. बघता बघता पुडा संपतो. काल सुनंदाने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "अहो, ट्रॉलीसाठी भावोजींना कशाला त्रास देता? आता तुम्ही एकटे पुरे!"