देशाची चौकशी

फोनवर बाबा नुसतं "बरं" म्हणाले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आमच्या घरात "बरं" म्हणजे होकार असं कधीच नव्हतं. आत्या रुसून निघून गेली, बरं. शेजाऱ्याने आमच्या भिंतीला लागून संडास बांधला, बरं. माझं लग्न मोडलं हे मी इथून रडत रडत सांगितलं, तेव्हाही बऱ्याच वेळाने पलीकडून तेवढंच आलं होतं. आणि आता मी सांगत होते की परीक्षा पास झाले, अर्ज मंजूर झाला, पुढच्या महिन्यात कौन्सिलच्या हॉलमध्ये शपथ घेऊन मी ब्रिटिश नागरिक होणार. मग भारताचा पासपोर्ट परत करावा लागेल. म्हणजे कराडच्या ज्या घरात मी रांगले, तिथे जाताना परक्या देशाचा पासपोर्ट पुढे करायचा. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि चार दिवसांनी तिकीट काढल्याचं कळवलं.

आई गेल्यावर मी मागे लागून त्यांचा व्हिसा काढला होता, तो तसाच पडून होता. "मला तिकडची थंडी सोसायची नाही," हे पालुपद. तोच माणूस ऐन नोव्हेंबरात निघाला, तोही शपथेच्या आधी पोचेल असा. मला अडवायलाच येतायत, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

शपथ घ्यायचं माझं ठरलं होतं. पण बाबा समोर बसून "नको" म्हणाले असते तर माझ्याच्याने ती घेतली गेली नसती. मला त्यांच्याशिवाय कुणी नाही, आणि हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

संशय घेणं हे तसं माझं कामच आहे. कार्डिफच्या हॉस्पिटलमध्ये लॅबमध्ये बसून मी लोकांचं रक्त तपासते. रिपोर्ट फार चांगला आला की मी नमुना पुन्हा लावते. तेव्हा बाबा अंघोळीला गेले आणि मी त्यांची बॅग उघडली, यात मला काही गैर वाटलं नाही. मेतकूट, कांदालसूण मसाला, औषधं, आणि तळाशी मलमलीत गुंडाळलेला तपकिरी कोट. तो कोट बाबा फक्त घरच्या लग्नात घालतात. म्हटलं, झालं! इथे कुठेतरी एखादा विधुर हेरून ठेवलाय आणि मला दाखवायला न्यायचा बेत आहे.

पण बाबा ना शपथेचा विषय काढत, ना विधुराचा. मी कामावर गेले की माकडटोपी चढवून हे बाहेर. संध्याकाळी मी घरी येते तो दारात चिखलाचे बूट.

"कुठे गेला होतात?"

"इथंच. पाय मोकळे करायला."

आमच्या रस्त्यावर एवढा चिखल शोधून सापडायचा नाही. नंतर कळलं, की स्वारी टॅफ नदीच्या काठाने पार खालपर्यंत जाऊन येते. बाबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली, तेव्हा नदी दिसली की पाय तिकडे वळायचेच, अशी मी मनाची समजूत घातली. पण ते जेवताना प्रश्न विचारायला लागले आणि मी पुन्हा सावध झाले. नदी रस्त्यावर येते का? आपलं घर उंचावर आहे की सखल? इथे पाट्या दोन भाषांत का? राजाचं आणि सरकारचं पटतं का? उलटतपासणीच ती. मी मोजूनमापून उत्तरं द्यायची, कारण माझ्याच उत्तरांची पुढे माझ्यावर उलटणारी यादी होणार हे मला दिसत होतं.

शनिवारी त्यांना पेनार्थला समुद्र दाखवायला नेलं. ओहोटी होती. धक्क्यावर उभे राहून बाबा नजर पोचेल तिथवर पसरलेला तपकिरी गाळ बघत राहिले.

"पाणी कुठाय?"

"गेलंय. येईल परत. इथली भरती-ओहोटी जगातल्या मोठ्यांपैकी आहे, बाबा."

"एवढं जातं?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच कुठला तरी नळ उघडा ठेवला होता. मग खाडीच्या तोंडाशी बांधलेला बांध दाखवला, तेव्हा कुठे चेहरा सैलावला. त्याचे दरवाजे ते बराच वेळ निरखत होते. मला वाऱ्याने हुडहुडी भरली तरी हलेनात.

तिथून ट्रेनने वर खोऱ्यात गेलो. हिरवेगार डोंगर, उतारावर चिकटून बसलेल्या घरांच्या रांगा. मला वाटलं, आता तरी छान म्हणतील. ते खिडकीतून बोट दाखवून म्हणाले, "तो डोंगर खरा नाही. उपसून टाकलेली माती आहे ती, वर गवत आलंय." ते खरंच होतं. तिथे पूर्वी कोळशाच्या खाणी होत्या. स्टेशनबाहेर बाकावर एक म्हातारा बसला होता, बाबा सरळ त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि आपल्या खात्यातल्या इंग्रजीत विचारलं, "सर, कोल फिनिश. देन व्हॉट यू पीपल ईट?" मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हातारा खो खो हसला. "चिप्स," म्हणाला. मग मात्र तो गंभीर झाला आणि खाण बंद पडल्यावर त्याच्या बापाने पोटासाठी काय काय केलं, ते सांगत राहिला. बाबा मान डोलावत होते. त्यातलं निम्मं त्यांना कळलं नसणार.

परतताना ते खिडकीबाहेर बघत बोटांवर काहीतरी मोजत होते. पुरावा पुरेसा जमलाय, मी मनात म्हटलं. आता बॉम्ब कधीही पडेल.

बॉम्ब पडला तो भलतीकडूनच. त्याच संध्याकाळी आमच्या गल्लीच्या फोनवरच्या ग्रुपवर मेसेज आला. लोकरीची टोपी घातलेला एक वयस्क आशियाई गृहस्थ या आठवड्यात दुपारी घरोघर दार वाजवतोय. दार उघडलं की "ओके, थँक्यू" म्हणतो आणि निघून जातो. सर्वांनी सावध राहावं. खाली लगेच दोघातिघांनी भर घातली होती. आमच्याकडेही आला होता. कोण घरात असतं, कोण नसतं ते बघत असेल. पोलिसांना कळवायचं का?

बाबा स्वयंपाकघरात आमटीला फोडणी देत होते. मी फोन त्यांच्या नाकासमोर धरला.

"बाबा, हे तुम्हीच ना?"

त्यांनी चष्मा वर केला, वाचलं, कढीपत्ता टाकला. "हो."

"अहो, इथे असं न कळवता कुणी कुणाच्या दारात जात नाही! पोलीस आले असते. माझी शपथ तोंडावर आलीय, आणि तुम्ही... काय चाललंय तुमचं? एकदाच काय ते सांगून टाका."

"चौकशी," बाबा म्हणाले.

आता हे सांगायला हवं. आमच्या भावकीत कुणा मुलीचं लग्न जमत आलं की मुलाकडच्या गावी चौकशीला बाबांनाच धाडत. बैठकीत बसून पोहे खाणाऱ्यांतले ते नव्हेत. न कळवता जायचं, एसटी स्टँडवर चहा घ्यायचा, न्हाव्याकडे दाढी करायची, पिठाच्या गिरणीत टेकायचं. विहिरीला उन्हाळ्यात पाणी असतं का. भावाभावांत बांधावरून कोर्टकचेरी आहे का. पिकतं किती आणि दाखवतात किती. पाणी, भाऊबंदकी आणि उत्पन्न, असा त्यांचा क्रम ठरलेला. परत आले की बायका पदर सावरून ऐकायला बसायच्या, आणि बाबा "द्यायला हरकत नाही" म्हणाले की मगच सुपारी फुटायची.

"देशाची चौकशी?" मी म्हटलं.

"त्यांच्या घरचीच होणार ना तू आता? मग?" बाबांनी गॅस बारीक केला आणि खुर्चीवर बसून हिशेब दिल्यासारखं बोलू लागले. "पाण्याचं म्हणशील तर मुबलक. जरा जास्तच. खालच्या अंगाला घर घेऊ नकोस, नदी कधी ना कधी येणार. भाऊबंदकी जबर आहे. चार देश म्हणजे चार भाऊ, एका छपराखाली. त्यातल्या एकाचा निम्मा हिस्सा कधीच वेगळा निघाला, दुसरा सारखा वाटणीचं काढतो. आणि इथला हा भाऊ कुरकुरत नाही, पण आपली भाषा पाटीवर थोरल्याच्या इंग्रजीच्या वर लिहितो. शेजारच्या देशांशी सामाईक विहीर होती, तीही ह्यांनी रागाच्या भरात सोडली आणि आता म्हणतात, बादलीभर पाणी मिळेल का."

मला हसू येत होतं आणि रागही येत होता. "आणि उत्पन्न?"

"पूर्वजांची लूट. त्यात आपलंही गेलंय, ते कुणी काढत नाही. कोळसा संपला, जहाजं गेली. आता दवाखाने, कॉलेजं आणि कॉफी. खानदान मोठं, खर्च मोठा. पण म्हाताऱ्याला औषध फुकट देतात, हे मी दुकानात उभं राहून बघितलं. वाईट घरात म्हाताऱ्यांना विचारत नाहीत."

"मग काय ठरलं? हरकत आहे की नाही?"

"बघतोय अजून."

"मी तुम्हाला चौकशी करा म्हणून सांगितलं होतं का?" माझा आवाज चढला. "मागच्या वेळी नाही केलीत! तेव्हा गरज होती!"

बोलून गेले आणि जीभ चावली. ज्याच्याशी माझं लग्न झालं तो मुलगा पुण्याचा, इंग्लंडात सॉफ्टवेअरमध्ये. परदेशात कसली चौकशी करायची, आणि परदेशात आहे म्हणजे चांगलाच असणार, असं सगळेच म्हणाले होते. मीही त्यांत होते. बाबांनी आयुष्यात एकाच मुलीसाठी चौकशी केली नाही, ती मी.

आमटी उकळत होती, ती बाबांनी उतरवली.

"दारं कशाला वाजवत होतात तेवढं तरी सांगा," मी जरा नरमाईने विचारलं.

"बेल चालतात का बघत होतो."

हे धादांत खोटं होतं. बाबांना खोटं बोलता येत नाही. बोलले की ते कान खाजवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताटलीत शंकरपाळे घेऊन समोरच्या घरी माफी मागायला गेले. तिथे एक निवृत्त डिनर लेडी एकटी राहते. शाळेत मुलांना जेवण वाढण्यात तिचा जन्म गेला. ग्रुपवर काही न लिहिणारी तीच एकटी होती. मी "माझ्या वडिलांचं जरा..." अशी सुरुवात करताच तिने मला हाताला धरून आत ओढलं.

"माफी कसली, लव्ह? तुझा डॅड माझ्याकडे तीनदा आलाय. पहिल्यांदा ओके, थँक्यू म्हणून गेला. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा मी त्याला धरलं, म्हटलं, आता चहा पिऊन जा आणि हे काय ते सांग." शंकरपाळा हातात धरून तिने माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहिलं. "त्याचं इंग्लिश तुटकं आहे, पण मला समजलं. म्हणाला, पूर्वी एका गावात त्याच्या मुलीला नवऱ्याने घराबाहेर काढून कडी लावली होती. थंडी होती, अंगात स्वेटर नव्हता. तिने शेजारची दारं वाजवली. आत दिवे होते, पण एकही दार उघडलं नाही. तेव्हा त्याला बघायचं होतं, की या रस्त्यावर कुठली दारं उघडतात."

मी तिथेच तिच्या सोफ्यावर बसले.

ही गोष्ट मी फक्त आईला सांगितली होती. बाबांना कळू देऊ नकोस, अशी शपथ घालून. आईने ती पाळली असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते. म्हणजे माझं लग्न मोडल्याचं सांगितलं तेव्हा, त्या "बरं"च्या आधी जो इतका वेळ गेला होता, तेव्हाही त्यांना हे माहीत होतं. मला रडू आवरेना. बाईने काही न विचारता किटली लावली.

घरी परतले तर बाबांनी तो तपकिरी कोट बाहेर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला होता आणि ओल्या फडक्याने त्याची कॉलर पुसत होते.

"शपथेला पाहुण्यांना येऊ देतात ना?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"देतात." मी खुर्चीशी जाऊन उभी राहिले. "बाबा, किती दारं उघडली?"

त्यांचा हात थांबला. मी कुठून आलेय हे त्यांना कळलं. पण त्यांनी कान खाजवला नाही.

"समोरच्या बाईंचं लगेच उघडतं. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्याचंही उघडतं, पण त्याचा गुडघा दुखतो, वेळ लागतो." त्यांनी कॉलर पुन्हा पुसायला घेतली. "घाई असली तर समोरच जा."