चाळिसावी चिंधी

तेरेक-सू गावात कालिपाला नावं ठेवणाऱ्या बायका पुष्कळ होत्या, पण तिच्या शिवणीला नाव ठेवायची एकीचीही छाती नव्हती. फाटका सदरा, विरलेला पडदा, नवऱ्याच्या विजारीचा त्यातल्या त्यात शाबूत भाग, काहीही तिच्या पुढ्यात टाका. त्याचे त्रिकोण कापले जायचे, कढत किटलीच्या बुडानं दाबले जायचे, आणि पंधरा दिवसांत त्यांची गोधडी व्हायची. खर्च काय, तर एक दोऱ्याचं रीळ. शिकायला येणाऱ्या पोरींना ती सांगायची, "विकत आणलेल्या कापडाची गोधडी म्हणजे शहरातला मामा. दिसायला झकास, थंडीत उपयोग शून्य."

चिंध्यांवरून तिला घराघरातलं कळायचं. एखादीनं रेशमाचा तुकडा आणला की चष्म्यावरून बघत विचारायची, "हे नवऱ्यानं घेतलं, की विचारू नको?" पोर लाजून लाल व्हायची आणि कालिपाला उत्तर मिळालेलं असायचं.

गावानं तिला दोन मानाची कामं दिली होती. एक मयताच्या घरचं. कुणी पिकलं माणूस गेलं की त्याच्या नावाचं कापड हात-हातभर फाडून जमलेल्या बायकांना वाटायचं. तो तुकडा घरच्या गोधडीत शिवला की गेलेल्याचं लांब आयुष्य थोडं आपल्याकडे येतं. ते कापड कालिपा फाडायची. दुसरं काम बाळाचं. परक्या चाळीस घरांतून चाळीस चिंध्या मागून आणायच्या, त्यांचं अंगडं शिवायचं आणि चाळिसाव्या दिवशी बाळाला घालायचं. काठ दुमडायचा नाही, आयुष्याला बांध पडतो. आणि ज्या घरात चूल पेटते तेच घर धरायचं. कुलपाच्या घराची चिंधी चालत नाही. हा शेवटचा नियम कालिपाचा स्वतःचा. गावातली माणसं कामासाठी रशियात जाऊ लागली, दारांना कुलपं पडू लागली, तेव्हा तिनंच तो घातला. त्याच्यापायी दोन-तीन बाळंतिणींच्या सासवांना तिनं रडवलंही होतं.

त्या हिवाळ्यात तिच्याच घरी पाळणा हलला. मुलगा एर्मेक रशियात इमारती बांधत होता. घरात सून नुरजामाल आणि ती. नुरजामालचं पहिलं बाळ सव्विसाव्या दिवशी गेलं होतं. हा दुसरा. अंगानं बारीक, दूध ओढता ओढता थकून झोपणारा. सून दिवस मोजायची, पण तोंडानं आकडा काढायची नाही.

कालिपा पिशवी घेऊन निघाली. गुडघाभर बर्फात तिनं गाव पालथं घातलं. प्रत्येक दारात चहा, प्रत्येक दारात एक चिंधी आणि दोन बातम्या. पिशवी रिकामी केली तेव्हा चिंध्या भरल्या एकोणचाळीस. धुराडी पुन्हा मोजली. धूर निघणारं एकच घर उरलं होतं, ओढ्यापलीकडचं. बात्माचं.

"आपा, रशियात गेलेल्या तुर्गुनच्या घराची किल्ली शेजारी आहे," नुरजामाल सासूला हळूच म्हणाली. "आत पडदे असतील."

"चूल पेटते का तिथं?"

"नाही."

"मग?"

खिंडीपलीकडचं गाव बर्फानं बंद होतं आणि हातात तीन दिवस होते.

आता बात्माचं प्रकरण. कालिपाचा नवरा जुनुश भारी हसरा माणूस, पण घरी नाही. हसायला तो बात्माकडे चहाला जायचा. खरं-खोटं त्या चहालाच ठाऊक. बात्मा चार बायकांत म्हणाली होती, "तुमचा जुनुश माझ्याकडे पोट धरून हसतो, घरी काय दात काढून ठेवतो का?" कालिपाही हसली होती त्या दिवशी. पुढं जुनुश अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गेला. कापड फाडायला कालिपाच बसली, विधवा असूनही, दुसऱ्या कुणाच्या हाती देववेना म्हणून. रांगेत शेवटी बात्मा आली आणि तिनं हात पुढं केला.

"संपलं गं कापड," कालिपा म्हणाली.

दोन हिवाळ्यांनी बात्माची मुलगी आयना छातीच्या दुखण्यानं गेली. एकतीस वर्षांची. बात्मा कुणाला काही बोलली नाही. फक्त ओढा ओलांडून यायची थांबली. कापड नाकारलं त्याला आता अकरा वर्षं झाली होती.

चिंध्या मोजल्या त्या संध्याकाळी कालिपानं काय केलं, ते फक्त तिला आणि कात्रीला माहीत. स्वतःच्या जुन्या रुमालाचा कोपरा कापला आणि अंगड्याच्या काखेत, दिसणार नाही अशा जागी, चाळिसावा म्हणून जोडला.

"झाले चाळीस?" नुरजामालनं विचारलं.

"झाले."

सुनेनं अंगडं डोळ्यांना लावलं आणि ती रडली. इतके दिवस रडली नव्हती. कालिपानं मान फिरवली. सकाळी बाळ नीट प्यायलं नाही. दुपारीही नाही. कालिपा सुनेसमोरच अंगडं घेऊन बसली आणि काखेतला टाका उसवू लागली.

"आपा? काय करताय?"

"एकोणचाळीसच होते," ती म्हणाली, डोक्याला रुमाल बांधला आणि ओढा ओलांडला.

बात्माकडे लोकर पिंजायला चौघी जमल्या होत्या. दार उघडताच चौघींचे हात थांबले. असली मेजवानी अकरा वर्षांतून एकदा मिळते.

"ये," बात्मा म्हणाली. "चहा घेतेस की चिंधी नेतेस?"

"तुला ठाऊकच आहे तर."

"गावभर फिरलीस, मला नाही ठाऊक व्हायचं? एवढी बहिरी नाही झाले." तिनं लोकर बाजूला सारली. "चिंधी देईन. पण आधी सांग. त्या दिवशी कापड संपलं होतं?"

चुलीत शेणी तडतडली. कालिपासमोर बसलेल्या चौघींपैकी तिघी तिच्याच हाताखाली शिकलेल्या. 'हो' म्हणणं सोपं होतं, अकरा वर्षं ती तेच तर म्हणत आली होती.

"नव्हतं संपलं," कालिपा म्हणाली. "मांडीखाली दाबलं होतं."

"अगं बाई!" चौघींतली एक पुटपुटली.

"काठ दिसत होता," बात्मा म्हणाली.

"मग अकरा वर्षं गप्प का बसलीस?"

"मी सांगितलं असतं तर ते माझं भांडण झालं असतं. तुझ्या तोंडून हवं होतं." बात्मा खाली बघत होती. "माझी आयना त्यापायी गेली असं मी म्हणत नाही. छाती खराब होती तिची, डॉक्टरनं दाखवलं मला. पण कालिपा, रोज मनात येतं. तुझ्या हातभर कापडानं काही झालं नसतं. तरी येतं."

माफीचा शब्द कालिपाच्या तोंडाशी आला होता, पण एवढ्याशा शब्दानं एवढं भरून कसं येणार, म्हणून तो तिथंच राहिला.

बात्मा उठली. पेटीशी गेली, झाकण उघडलं. वरच आयनाचे कपडे होते. तरुण गेलेल्याचं बाळाला देत नाहीत. तिनं झाकण लावलं. मग अंगातल्याच झग्याचा पुढचा घेर हातात घेतला, पीठ मळता मळता विटून गेलेला, आणि कात्रीनं तळहाताएवढा तुकडा कापला.

"शहात्तर वर्षांच्या बाईचं आहे. मऊ नाही, पण टिकेल."

"बाळाला बघायला येशील?"

"नाही."

चाळिसाव्या दिवशी बाळाला चाळीस चमचे पाण्यानं न्हाऊ घातलं. बायका बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगरे तुकडे, तळत होत्या आणि अर्थातच कुजबुजत होत्या. कालिपानं अंगडं घातलं. बात्माचा तुकडा तिनं काखेत नाही, छातीवर जोडला होता. बाळानं हात-पाय झाडले. त्या रात्री ते पोटभर प्यायलं. नुरजामालनं जेवताना सासूचा वाडगा आधी भरला.

वसंतात मेंढपाळ असानकुल गेला, एक्क्याण्णव वर्षांचा. कापडाचा तागा आला, पण कालिपाला बोलावणं आलं नाही. मांडीखालच्या कापडाची गोष्ट गावभर झाली होती, बायकांनी आपापसात ठरवून तागा बात्माच्या पुढ्यात ठेवला होता. कालिपा नातवाला पाठीशी बांधून गेली आणि रांगेत उभी राहिली, शिकायला येणाऱ्या पोरींच्या मागं. तिची पाळी आली. तिनं हात पुढं केला.

बात्मानं कोपरापासून बोटांपर्यंत कापड मोजलं, इतरांना मोजलं तितकंच, फाडलं, तिच्या हातावर ठेवलं आणि मागच्या बाईला म्हणाली, "ये, पुढं ये."