पळसाचा कुंडलिक

कुंडलिक कसाऱ्याला रेल्वेच्या इंजिनात कोळसा मारायचा. एकोणीसशे चाळीसला तो लढाऊ बोटीवर बॉयलरपाशी कामाला लागला. हलकी क्रूझर, मुंबईहून निघालेल्या मालबोटींना राखत एडनपर्यंत जायची. मुरबाडजवळच्या पाड्यावर त्याचं पत्र आलं, ते मास्तरांनी वाचून दाखवलं : ‘इथं कोळसा नाय, तेल जळतं. एवढा गोरा झालोय, तू वळखायची नाय.’

त्याची बायको सावळी म्हणाली, “आधी येऊ तर दे मेल्याला!”

बेचाळीसला दुसरा कागद आला. बोटीवर हल्ला झाला होता, कुंडलिक बेपत्ता.

त्यांच्या घरात देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा माणूस करून जाळायचे. तो बायकोनंच बांधायचा.

“बांध गो,” सासरा बुधू म्हणाला. “पोर माझा भटकत राहील.”

“बेपत्ता म्हंजे मेला नाय, बाबा.”

“मग कुठं हाय?”

“मला काय म्हाईत? तुमी जाळायची घाई नका करू.”

चार वर्षं तिनं पळसाला हात लावला नाही, पत्रावळी लावायलासुद्धा नाही. जावा टोमणा मारायच्या, “राणीसायबांची बोट डोंगरावर लागणार!”

लढाई संपल्यावर कुंडलिकबरोबर बोटीवर असलेला नवशा वाशिंदहून आला. सावळीनं पाणी दिलं. त्यानं तांब्या तसाच धरून ठेवला.

“वयनी, बोट बुडली नाय. दुरुस्त झाली, पुन्ना लढली. आता मोडीत काढतायत.”

“आन् ते?”

“टॉर्पेडो बॉयलरच्या खोलीला लागला. पाणी शिरलं. वरचं झाकण लावलं नसतं तर समदी बोट गेली असती. हुकूम झाला. मी लावलं.”

“ते आत?”

“आत. ठोकत होता.”

“दुरुस्तीला पाणी काढलं तवा घावले?”

“कोण नव्हता. बाजूला भोक, बैल जाईल एवढं.”

सावळी उठून उभी राहिली. “मग पवत गेले असतील!”

“वाफेनं भाजलेला माणूस, वयनी. भर समुद्रात.” नवशानं तांब्या खाली ठेवला. “ठोकणं थांबेस्तोवर मी वरच बसलेलो.”

ती कोयता घेऊन गेली. पानं आणली, अंगणात बसून माणूस बांधला. दोन्ही हात डोक्याच्या वर.

“हात खाली घे गो,” बुधू म्हणाला. “निजलेला माणूस असा असतो?”

“निजले कुठं होते, बाबा?”

बुधूनं तसाच पेटवला. पानं ओली होती. नुसता धूर झाला, जाळ काही धरेना.