पुऱ्या वाढणारी माझी बहीण

मैत्रिणींनो, आज घडलं ते लिहिते.

नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून माझी धाकटी बहीण धुळ्याहून सुरतला माझ्याकडे आली होती. पर्वत पाटिया भागातल्या आमच्या सोसायटीत तिचं नावसुद्धा आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं.

काल शेजारच्या हेतलबेनच्या मुलीचा वाढदिवस झाला. आज सकाळी हेतलबेनने एका ॲपवर फोटो टाकले. एका फोटोत मागे बहीण पुऱ्या वाढत होती. ॲपने तिच्या चेहऱ्याभोवती चौकट काढली आणि तिच्या जुन्या खात्यावरचं पूर्ण नाव सुचवलं. हेतलबेनने सहज 'हो' दाबलं आणि फोटो त्या जुन्या खात्यावर, तिच्या नवऱ्यालाही दिसला.

दुपारी बहिणीच्या नवऱ्याचा फोन आला. "ताई, पुऱ्या वाढायला तिकडे ठेवलंय होय तिला? येतो मी."

हेतलबेन रडायलाच लागली. "बेन, मने खबर नहोती." मला ठाऊकच नव्हतं, म्हणाली. तिने फोटो काढून टाकला, पण त्याने तो पाहिला होता. मी बहिणीला दुसरीकडे पोचवलं, पोलिसांत तक्रार दिली. आता कडी लावून बसलेय. जिन्यात पाऊल वाजलं की उठून कडी पुन्हा तपासते.

तुमच्या फोटोंत मागे कोण उभं असतं? फोटो टाकण्याआधी त्यांना एकदा विचाराल का?