एक फेरा जास्त

आमच्या वसाहतीतल्या दोनशे चाळीस घरांत खोल्या तापवायच्या गरम पाण्याच्या नळ्या टाकल्या त्या क्लिफर्ड ऑर्मरॉडने. करंगळीहून बारीक, मऊ तांब्याच्या. त्याआधी उत्तर इंग्लंडातल्या आमच्या बर्नलीतली माणसं कोळशाच्या शेगडीपुढे बसून समोरून भाजत आणि पाठीमागून गारठत. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा क्लिफ चाळिशी ओलांडलेला, दांडगा, तोंडाचा सैल. क्लबात बसला की म्हणायचा, "या वसाहतीतल्या एकूण एक बाईची निजायची खोली मी पाहिलीय. आणि ऊबदार करून दिलीय."

"एक सोडून," म्युरिएल म्हणायची.

सगळे हसत. ती त्याची बायको. रात्रभर खोकायची आणि त्याला पाचला कामावर जायचं असायचं, म्हणून ती मागच्या खोलीत झोपू लागली ती कायमची. तिथला रेडिएटर, म्हणजे भिंतीवरची गरम पाण्याची पत्र्याची पेटी, जेमतेम कोमट व्हायचा. तिने सांगितलं की क्लिफ म्हणे, "उत्तरेची खोली आहे. स्वेटर घाल." ती स्वेटर घालून झोपायची. वर मोजे. दरवर्षी हिवाळ्यात छाती भरायची.

"दुसऱ्या कुणाला तरी दाखव," मी एकदा म्हटलं.

"त्याच्या घरात दुसऱ्याचा पाना?" ती म्हणाली. "मी मेले तरी चालेल त्याला."

परवाच्या जानेवारीत ती खरंच मरायला टेकली. पाच आठवडे इस्पितळात होती. घरी पाठवण्याआधी एक नर्स घर बघायला आली आणि मागच्या खोलीत तापमापक टांगून गेली. तो तेरा अंशांवर थांबला. न्हाणीघर त्याच खोलीला लागून, म्हणून म्युरिएलला दुसरीकडे हलवता येत नव्हतं. प्राणवायूच्या नळकांड्यांमुळे शेगडीही चालणार नव्हती. नर्स स्वच्छ बोलली, "शुक्रवारी परत येईन. अठरा दिसले नाहीत, तर त्यांना टेकडीवरच्या वृद्धाश्रमात जागा आहे."

त्या आश्रमातून कुणी परत आल्याचं आमच्या गल्लीत कुणाला आठवत नाही.

बुधवारी सकाळी क्लिफने माझं दार वाजवलं. शहात्तर वर्षांचा. बोटं वाकडी झालेली.

"पोरी, बॅटरी धरशील का? आणि थोडा पाना फिरवायचाय."

"कुणाला बोलावूया का, क्लिफ?"

"तुलाच बोलावतोय ना."

त्याने यंत्रणेतलं पाणी काढून टाकलं. काळं, शाईसारखं. रेडिएटर उचलून बाजूला ठेवला तर मागच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेलं होतं: सी. ऑर्मरॉड, १३ नोव्हेंबर १९७७. हे लोक असं लिहितात; काम पुरं झालं की रेडिएटरमागे नाव आणि तारीख. कुणी वाचायचं नसतं ते.

"रविवार होता," तो म्हणाला. "लोकांची घरं संपवून आपलं."

मग तो गुडघ्यांवर बसून मला सांगू लागला, जसं नव्या माणसाला सांगत असेल. नळी मऊ असते. तिच्या तोंडात आधी एक चिमुकली आतली नळी सारायची, म्हणजे ती चेपत नाही. वरून नट, मग पितळेची कडी, मग व्हॉल्व्हमध्ये खुपसायची. हाताने नट घट्ट करायचा आणि पान्याने एक फेरा. "एकच. जास्त फिरवणाऱ्याला मी कामावरून काढलंय."

त्याने जुना नट सोडवला. नळी बाहेर ओढली. मी बॅटरी जवळ नेली.

कडीखाली नळी आवळली गेली होती, गळा दाबावा तशी. तोंडात आतली नळी नव्हतीच. उरल्या भोकातून सुई गेली असती, पेन्सिल गेली नसती.

त्याने अंगठ्याने ते तोंड चाचपलं. मग म्हणाला, "आतल्या नळ्या संपल्या होत्या त्या दिवशी. खालच्या खोलीच्या भिंतींना तिने नवा कागद लावलेला. म्हटलं, गळायला नको. आपलं घर आहे, एक फेरा जास्त देऊ."

"गळलं नाही ना कधी?"

"एक थेंब नाही," तो म्हणाला. "तेच सांगत होतो तिला. एक थेंब नाही."

त्याने चेपलेला तुकडा कापला, नळी जमिनीखालून थोडी वर ओढली, नवं सगळं बसवलं. त्याच्या बोटांना नट धरवेना. तो मोजत होता, मी पाना फिरवत होते.

"पाव. अर्धा. पाऊण. थांब. आता थोडंच. बास. बास म्हटलं ना."

तासाभराने रेडिएटरवर हात ठेववेना. शुक्रवारी तापमापकात एकोणीस होते. नर्सने सही केली.

सोमवारी रुग्णवाहिकेतून म्युरिएल आली. नाकात प्राणवायूच्या नळ्या, वजन निम्मं. मी चहा घेऊन वर गेले तेव्हा ती उशांना टेकून बसली होती आणि क्लिफ खुर्चीच्या काठावर.

"काय झालं होतं याला?" तिने रेडिएटरकडे मान वळवून विचारलं.

मला वाटलं, गाळ साचला होता म्हणेल. मीही तेच म्हटलं असतं. त्याने खिशातून तो बोटभर तुकडा काढला आणि तिच्या तळव्यावर ठेवला.

"मी केलं," तो म्हणाला. "घट्ट आवळलं. पहिल्याच दिवशी."

तिने तुकडा उजेडाकडे धरला. एका टोकातून पाहिलं, मग दुसऱ्या.

"मी चाळीस वर्षांची होते," ती म्हणाली.

तिने तुकडा बशीत ठेवला, चहाच्या चमच्याशेजारी. खालच्या रस्त्यावरून शाळेची मुलं ओरडत गेली.

थोड्या वेळाने ती अंगातला स्वेटर ओढू लागली. बाह्या निघेनात, मी मदत केली. तिचा श्वास आखूड झाला होता, कपाळ ओलं.

"कमी कर ते, क्लिफ," ती म्हणाली. "मला नाही सोसवत आता. सवय नाही."

तो खुर्चीवरून उतरला, एक हात पलंगाच्या कडेला धरून गुडघ्यांवर बसला आणि व्हॉल्व्हची मूठ फिरवू लागला. थोडी. मग तिच्याकडे पाहिलं.

"अजून," ती म्हणाली.